लघवीचे दुखणे लपवू नका

आमच्या पूर्णा जंक्शनवर रेल्वेत राबून निवृत्त झालेली वडीलधारी माणसे बरीच. रात्री ३-४ वेळा उठावे लागते, धार बारीक येते. तरी लाजेपोटी घरात कुणी बोलत नाही.

मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी असते. वयाबरोबर ती वाढते. शिवाय तिच्यातले अनैच्छिक स्नायू आवळले की मूत्रमार्ग दबतो. नॉरॲड्रिनलिन हे शरीरातलेच रसायन स्नायूंवरच्या ‘अल्फा’ कुलपात किल्लीसारखे बसते आणि स्नायू आवळतात. टॅमसुलोसिनची गोळी हे कुलूप अडवते. स्नायू सैल पडतात, धार सुटते; ग्रंथी मात्र लहान होत नाही. १९८८ साली जपानी शास्त्रज्ञांनी शोधलेले एंडोथेलिन हे पेप्टाइडही हे स्नायू आवळते. त्याचे कुलूप निराळे. गोळीने पुरता आराम न पडण्याचे हेही एक कारण असू शकते.

गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. ती चालू असता झटकन उठू नये, चक्कर येते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना तसे सांगावे. सर्दीच्या काही गोळ्यांनीही लघवी अडते. पूर्ण तुंबली तर ताबडतोब दवाखाना गाठावा, नाहीतर मूत्रपिंडाला धोका.

मुलांनो, वडिलांना तुम्हीच विचारा. म्हातारपणाचे भोग म्हणून त्यांना सोसू देऊ नका.