स्लॅब गळतोय, खर्च कोणाचा?

पावसाळा लागला की अमरावतीचं साईनगर असो का अकोल्याची जठारपेठ, एक भांडण ठरलेलं. खालच्यांच्या स्लॅबला ओल. वरचे म्हणतात, "आमच्याकडं तर सगळं कोरडं हाय." सेक्रेटरी म्हणतो, "तुमचं तुम्ही पाहून घ्या." मग पैसे कोणी द्यायचे?

साधी गोष्ट ध्यानात ठेवा: पाणी कुठं दिसतं यावर नाही, कुठून येतं यावर जबाबदारी ठरते.

म्हणून आधी निदान. फक्त पावसातच गळतं? संशय गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीवर. बारमाही टपकतं? पाइप तपासा. वरच्यांच्या आंघोळीनंतर वाढतं? मग नहाणी ट्रॅप नाहीतर फरशीचे सांधे.

आता कायदा. सोसायटी असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप अन् पावसाची गळती हा सोसायटीचा खर्च. संडास, सिंक अशी आतली गळती त्या फ्लॅटधारकाची. वरचा मजला आहे म्हणून गच्चीचा खर्च एकट्याच्या गळ्यात मारता येत नाही.

डीड ऑफ डिक्लरेशन झालेलं अपार्टमेंट असेल तर 1970 चा महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा लागू. त्यात सामाईक खर्च प्रत्येकाच्या हिश्श्याप्रमाणे. तळमजल्याचे काका म्हणतील, "मी गच्चीवर जातच नाही!" वापर सोडला म्हणून वर्गणी सुटत नाही, हे त्या कायद्यातच आहे. आणखी एक: दुसऱ्याच्या फ्लॅटचं नुकसान टाळायला तातडीची दुरुस्ती करायची असेल, तर असोसिएशनला कोणाच्याही फ्लॅटमध्ये जाण्याचा हक्क आहे. "मी दार उघडणार नाही" हे चालत नाही.

बिल्डिंग नवी आहे? रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा दोष कळवला, तर बिल्डरनं 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचं; नाही केलं तर भरपाई मागता येते.

तोंडी भांडू नका. तारखेसह फोटो काढा, प्लंबरकडून कारण लिहून घ्या, अर्ज द्या अन् पोच घ्या. उद्या ग्राहक आयोगात किंवा कोर्टात हेच कागद बोलतील.

अन् हो, अर्जाआधी एकदा वरच्यांना चहाला बोलावून ती ओल दाखवा. बऱ्याचदा त्यांनी ती पाहिलेलीच नसते.