यंत्राचे नाक आणि कांद्याचा भाव

घोड नदीवरील डिंभे धरणाचे पाणी कालव्यांतून पूर्वेकडे आले आणि तेथील कांद्याच्या शेतीला आधार मिळाला. एप्रिल-मे महिन्यांत निघालेला कांदा शेतकरी बराखीत साठवितो, तो पुढे चार पैसे अधिक मिळतील या आशेने. परंतु ढिगाच्या पोटात सुरू झालेल्या सडीचा वास माणसाच्या नाकापर्यंत पोचतो, तेव्हा बरेच नुकसान होऊन चुकलेले असते. ही सड यंत्राने वेळीच ओळखावी, असा प्रयत्न लासलगावच्या कल्याणी शिंदे यांनी केला आहे. अनेक संवेदकांच्या एकत्रित प्रतिसादावरून वास ओळखण्याचे तत्त्व वॉरिक विद्यापीठातील पर्सॉड व डॉड यांनी १९८२ मध्येच मांडले होते.

तथापि, वास कळणे आणि भाव मिळणे या दोन भिन्न गोष्टी होत. सडीची सूचना मिळताच माल विकणे भाग पडते. त्या दिवशी बाजार पडलेला असेल, तर यंत्र काय करणार? डिसेंबर २०२३ मधील निर्यातबंदीची चाहूल असल्या नाकाला लागणे शक्यच नव्हते. तेव्हा यंत्राच्या जोडीला निर्यात-धोरणात स्थैर्यही हवे. कांदा वाचला आणि शेतकरी बुडाला, तर शास्त्राचे चीज झाले असे कोण म्हणेल?