गर्दीची शाळा

सिंहस्थाच्या पर्वणीला नाशिकमध्ये नेमकी किती माणसं येतात, हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. पोलीस एक आकडा देतात, महापालिका दुसरा, वर्तमानपत्रं तिसरा. पंचवटीतल्या दुकानदाराचा स्वतःचा अंदाज असतोच, आणि तो बहुधा गल्ल्यावर बेतलेला असतो. आपल्याकडे आकडा काही लाखांच्या पुढे गेला की तो श्रद्धेचा विषय होतो. पण गोदाघाटावर बंदोबस्ताला उभ्या असलेल्या माणसाला नंतरच्या अहवालातला आकडा काय कामाचा? समोरच्या बोळात आत्ता किती जण शिरले आणि त्यातले किती पलीकडून बाहेर पडले, एवढंच त्याला हवं असतं.

२७ ऑगस्ट २००३ रोजी ते त्याला कळलं नाही. काळाराम मंदिराच्या बाजूने रामकुंडाकडे उतरताना लागणाऱ्या सरदार चौकाच्या परिसरात चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविकांचा जीव गेला. प्रयागचा कुंभ पाहून आलेला माणूस नाशिकच्या मेळ्याची कल्पना करायला बसला, तर हमखास चुकतो. तिथे नदीचं ऐसपैस वाळवंट असतं आणि मेळा थंडीत भरतो. इथे मुख्य स्नानं ऐन श्रावण-भाद्रपदात, पावसात, जुन्या वस्तीच्या उतरत्या बोळांतून जाऊन करायची. शिवाय मेळ्याची ठिकाणं दोन. वैष्णवांचे तीन आखाडे रामकुंडावर, उरलेले दहा तीसेक किलोमीटरवर त्र्यंबकच्या कुशावर्तावर.

पुढचा सिंहस्थ २०१५ चा. त्याच्या आधीच्या दीड-दोन वर्षांत नाशिकमध्ये एक उपक्रम चालला. ना त्याची इमारत होती, ना पदवी, ना शुल्काची पावती. शाळा-कॉलेजातल्या मुलांना, तरुण अभियंत्यांना, डॉक्टरांना आणि गावातल्या उद्योजकांना एकत्र बसवून त्यांच्यापुढे मेळ्याच्या अडचणी ठेवल्या गेल्या: या सोडवा. या खटाटोपाचं नाव कुंभथॉन. तरुणांना कौशल्य शिकवणाऱ्या संस्थांची आपल्याकडे वाण नाही. शिवण, संगणक, मोबाइल दुरुस्ती, मुलाखतीला कसं बसावं इथपर्यंत सगळ्याचे वर्ग निघतात. कुंभथॉन त्या रांगेत बसत नाही आणि म्हणूनच त्याच्याकडे नीट पाहायला हवं.

यामागचं मुख्य नाव रमेश रासकर. जन्म नाशिकचा, अभियांत्रिकी पुण्याच्या सीओईपीत, पुढे अमेरिकेत पीएचडी आणि मग एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये प्राध्यापकी. प्रकाशाचा प्रवास टिपू शकणाऱ्या, सेकंदाला एक लाख कोटी चित्रांच्या वेगाने काम करणाऱ्या कॅमेऱ्यामुळे त्यांचं नाव जगभर झालं. २०१६ मध्ये त्यांना पाच लाख डॉलर्सचं लेमेलसन-एमआयटी पारितोषिक मिळालं, तेव्हा त्यातला काही भाग तरुणांनी एकत्र येऊन शोध लावावेत यासाठी वापरण्याचा मनोदय त्यांनी जाहीर केला. परदेशी गेलेली आपली माणसं गावाला देणगी देतात, शाळेला वर्गखोली बांधून देतात. रासकरांनी विद्यार्थी आणले, आपली काम करण्याची रीत आणली, आणि गावालाच प्रयोगशाळा केलं.

ही रीत सांगण्यासारखी आहे. तिचे चार टप्पे: अडचण हेरा, ती खरी आहे का तपासा, उपाय वाढवा, मग तो लोकांत उतरवा. आपली अभियांत्रिकी महाविद्यालयं बहुतेक वेळ तिसऱ्या टप्प्यावर खर्च करतात. अडचण प्रश्नपत्रिकेत छापूनच येते, त्यामुळे ती हेरायची कशी हे शिकवायची गरज कोणाला वाटत नाही. आणि उपाय उतरवायचा कुठे? तो सादरीकरणाच्या दिवशी टेबलावर ठेवला जातो आणि संध्याकाळी कपाटात जातो.

रासकरांचं दुसरं साधन म्हणजे कल्पनांचा षटकोन. मध्यभागी एखादी ज्ञात कल्पना ठेवायची आणि तिच्यापासून सहा वाटांनी निघायचं. तिला आणखी एक मिती द्या. तिला दुसऱ्या कल्पनेशी जोडा. हातात साधन असेल तर ते कुठे कुठे चालेल ते शोधा. अडचण असेल तर तिच्यावर चालतील ती सगळी साधनं मांडा. कल्पनेला एखादं विशेषण लावून पाहा: स्वस्त, वेगवान, हलकी. आणि शेवटी तिच्या नेमकं उलट करा. ऐकायला हे सोपं वाटतं, थोडं पोरकटही. पण प्रतिभा ही दैवी देणगी आहे असं लहानपणापासून ऐकत आलेल्या मुलाला कोणी कागदावर सहा बाण काढून दिले, तर त्याची भीती जाते, हे मान्य करायला हवं.

कुंभथॉनमधली सगळ्यांत जास्त गाजलेली गोष्ट याच षटकोनाच्या ‘अडचण आहे, साधनं मांडा’ या बाजूवरून समजते. गर्दी मोजायची कशी? प्रत्येकाच्या मनगटाला टॅग बांधायचा, तर लाखो टॅग वाटणार कोण आणि यात्रेकरू ते ठेवणार किती वेळ? कॅमेरे लावले, तर खांद्याला खांदा लागलेल्या गर्दीत एक डोकं कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते कळत नाही. पावसात छत्र्या उघडल्या की विषयच मिटला. मोबाइलच्या मनोऱ्यांवरून अंदाज बांधावा, तर खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्या आजींच्या पिशवीत मोबाइल असेलच असं नाही, आणि मनोऱ्याला बोळ दिसत नाही, विभाग दिसतो. उरते ती जमीन. कोणीही आलं तरी जमिनीवर पाय ठेवूनच येणार.

हे सुचलं एका शाळकरी मुलाला. निलय कुलकर्णी तेव्हा नववीत होता. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाब ओळखणारी चटई बनवली आणि तिला ‘आशिओतो’ हे पावलांच्या आवाजासाठीचं जपानी नाव दिलं. चटई वाटेवर आडवी अंथरायची. तिच्यावर पाय पडला की आतल्या संवेदकावर दाब येतो, त्याची नोंद होते, आणि ती नोंद जाळ्यावरून दूर बसलेल्या माणसाच्या पडद्यावर लगेच पोहोचते. तत्त्व एवढंच. त्रास तपशिलात. एक माणूस चटईवर एकदा पाय ठेवेल की दोनदा? कडेवर मूल असेल तर? कोणी चटई ओलांडून उडी मारली तर? अनवाणी पाय, चामड्याची चप्पल आणि खडावा, तिघांचा दाब सारखा कसा मानायचा? ही गणितं कुठल्याही पाठ्यपुस्तकात सोडवून दिलेली नाहीत, आणि त्यांची उत्तरं माणसं प्रत्यक्ष चालवून पाहिल्याशिवाय येत नाहीत.

२०१५ च्या मेळ्यात ही चटई अंथरली गेली. अठरा तासांत पाच लाखांहून अधिक माणसं मोजली, असं निलयने पुढे टेडच्या व्यासपीठावर सांगितलं. या यंत्रणेमुळे त्या सिंहस्थात चेंगराचेंगरी टळली, असंही त्या भाषणात आहे. मला हा दावा जरा मोठा वाटतो. नाशिकमध्ये २०१५ ला २००३ ची पुनरावृत्ती झाली नाही हे खरं, पण त्याला कारणं पुष्कळ होती, आणि त्यातलं सगळ्यांत मोठं कारण होतं बांबू आणि पत्रे.

२९ ऑगस्ट २०१५ ची पहिली पर्वणी ज्या नाशिककराने पाहिली तो ती विसरणार नाही. प्रशासनाने कोटीच्या घरातल्या गर्दीची तयारी केली होती. जागोजागी अडथळे उभारले, वाहनं गावाबाहेर थांबवली, भाविकांना कित्येक किलोमीटर चालायला लावलं. गावकरी स्वतःच्याच गल्लीत अडकले. अपेक्षित गर्दी आलीच नाही, व्यापाऱ्यांनी आणलेला माल पडून राहिला आणि टीकेचा भडिमार झाला. १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीला बंदोबस्त बराच सैल झाला आणि घाट फुलले. गर्दी मोजता येत नसेल तर प्रशासनाच्या हाती एकच उपाय राहतो: ती येऊच न देणं. पहिल्या पर्वणीने चटईची गरज जितकी स्पष्ट दाखवली तितकी कोणत्याही सादरीकरणाने दाखवली नसती.

कुंभथॉनमध्ये आणखीही पुष्कळ कामं झाली. दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांच्या नोंदींवरून साथीचा सुगावा लवकर लागावा, दाते आणि अन्नछत्रं यांची गाठ पडावी, तात्पुरते निवारे उभे राहावेत, वाट चुकलेल्याला मोबाइलवर रस्ता दिसावा. त्यातली काही मेळ्यात वापरली गेली, काही नमुन्यापाशीच थांबली. त्यात गैर काही नाही. दहातली आठ बियाणी रुजत नाहीत म्हणून कोणी पेरणी थांबवत नाही.

उपक्रमाचा नाशिकमधला एक आधार सुनील खांडबहाले होते. त्र्यंबक रस्त्यावरच्या महिरावणीचे, मराठी माध्यमातून शिकलेले. अभियांत्रिकी पदविकेला गेल्यावर इंग्रजीने त्यांची दमछाक केली. शब्द अडायचे, म्हणून ते शब्दकोश घेऊन बसले, आणि पुढे त्यांनीच भारतीय भाषांचे डिजिटल शब्दकोश तयार केले. असा माणूस तिथे असणं फार महत्त्वाचं होतं. नाहीतर एमआयटीचं नाव लागलेलं शिबिर म्हटल्यावर कोण पुढे सरसावतं आणि कोण मागच्या बाकावर बसून राहतं, हे आपल्याला माहीत आहे. पेठ-सुरगाण्याहून शिकायला आलेल्या मुलाची अडचण कल्पनेची नसते. ती कल्पना त्या खोलीत कोणत्या भाषेत मांडायची, इथे तो अडतो. कुंभथॉनने हा अडसर पूर्ण काढला असं मी म्हणणार नाही. हॅकेथॉन, मेंटॉर, प्रोटोटाइप ही तिथली बोली, आणि ज्याला ती येते त्याला अर्धी बाजी आधीच मिळालेली असते.

नाशिकला हाताने शिकणं नवं नाही. ओझरला एचएएलचा विमान कारखाना आला, सातपूरला मायको आली, आणि त्यांच्या मागोमाग लहान कारखान्यांची रांग लागली. आयटीआयमधून निघालेले फिटर, टर्नर, मशिनिस्ट तिथे शिकाऊ उमेदवार म्हणून लागायचे. वर्षा-दोन वर्षांत एखादा पक्का कारागीर व्हायचा, कारण त्याच्या हातून बिघडलेला जॉब खरोखर भंगारात जायचा आणि फोरमन त्याला ते सगळ्यांसमोर ऐकवायचा. शिक्षणाला हा जाच लागतो. नंतर गावात अभियांत्रिकी महाविद्यालयं उघडली, मुलं पदवीधर झाली, आणि पदवी मिळाली की हिंजवडीची बस धरू लागली. त्यांच्या शिक्षणात बिघडलेला जॉब नव्हता. कुंभथॉनने तो परत आणला. इथे फोरमनच्या जागी पंचांग होतं. पर्वणीची तारीख पुढे ढकलता येत नाही, तिची पुरवणी परीक्षा होत नाही, आणि तुमची चटई पहाटे चालू झाली नाही तर आखाडे थांबत नाहीत.

जे बळ तेच दुबळेपण. पर्वणी सरली की तारीख सरली. बारा वर्षांतून एकदा येणाऱ्या प्रश्नावर उभी असलेली शाळा मधल्या अकरा वर्षांत काय करणार? याला एक उत्तर टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या फाउंडेशनने दिलं. नाशिकमध्येच ‘डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर’ नावाचं केंद्र उभं राहिलं. तरुणांनी गट करून साधारण वर्षभर एकाच सामाजिक प्रश्नावर काम करायचं आणि जाणकारांनी त्यांना वाट दाखवायची, अशी त्याची योजना. आठवड्याच्या शिबिरापेक्षा हे कितीतरी पटींनी बरं. आठवड्यात उत्साह शिकता येतो. चिकाटी शिकायला निदान एकदा सगळं फसून पुन्हा मांडावं लागतं. पण केंद्र म्हटलं की निवड आली, अर्ज आले, पदवीची अट आली. नववीतला मुलगा तिथे कुठल्या दाराने शिरणार, हा प्रश्न मला सतावतो.

आता पुन्हा सिंहस्थ येतो आहे. जाहीर कार्यक्रमाप्रमाणे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला, दुसरं ३१ ऑगस्टला, तिसरं नाशिकला ११ आणि त्र्यंबकला १२ सप्टेंबरला. २०२५ च्या जानेवारीत प्रयागराजला मौनी अमावास्येच्या रात्री चेंगराचेंगरी झाली, तेव्हा तिथे कृत्रिम बुद्धिमत्तेने गर्दी मोजणारे कॅमेरे होते. सरकारी हिशेबानेच तीस माणसं गेली. म्हणजे आकडा नियंत्रण कक्षात पोहोचणं ही अर्धी गोष्ट झाली. तो बोळाच्या तोंडाशी उभ्या शिपायापर्यंत, त्याला कळेल अशा रूपात आणि वेळेत पोहोचायला हवा. ही अडचण कॅमेऱ्यांच्या निविदेत बसत नाही. तिच्यासाठी त्या शिपायाशेजारी तासन्‌तास उभं राहून तो काय पाहतो, कोणाचं ऐकतो, शिट्टी कधी फुंकतो हे टिपावं लागेल. हे काम कंपनीच्या अभियंत्यापेक्षा पंचवटीत राहणारी, कॉलेजात जाणारी पोरं चांगलं करतील.

सामग्री थोडीफार हाताशी आहे. आशिओतोचा कोड सगळ्यांसाठी मोफत खुला करणार असल्याचं निलयने टेडच्या त्या भाषणातच सांगितलं होतं. २०१५ ला ज्यांनी शिबिरं चालवली त्यांतले अनेक जण आजही नाशिकशी बांधलेले आहेत. मात्र पर्वणीआधीचा शेवटचा पूर्ण पावसाळा २०२६ चा. ओल्या फरशीवर, शेवाळावर, चिखलाच्या पायांखाली काय टिकतं आणि काय बंद पडतं, हे पाहायचं असेल तर त्याच चार महिन्यांत सरदार चौकात उतरावं लागेल. त्याच्या परवानगीचा अर्ज एखाद्या महाविद्यालयाने किंवा संस्थेने मुलांच्या वतीने करायचा आहे.