फायबरच्या होडीचा जेलकोट : लहान तडा वेळीच बुजवणे हिताचे

मासेमारीबंदीचा काळ हा किनारपट्टीवर होड्यांच्या डागडुजीचा काळ मानला जातो. देशाच्या विशेष आर्थिक क्षेत्रात पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून आणि पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, असे प्रत्येकी ६१ दिवस मासेमारीस मनाई असते. या काळात होडी पाण्याबाहेर येते आणि एरवी न दिसणारे ओरखडे, टवके आणि कोळिष्टकासारख्या बारीक भेगा नजरेस पडतात. त्यांच्याकडे केवळ रंगाचा दोष म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात वेळीच केलेली ही लहानशी दुरुस्ती पुढील मोठा खर्च टाळू शकते.

फायबरच्या होडीचे सर्वांत बाहेरचे, रंगीत आणि गुळगुळीत आवरण म्हणजे जेलकोट. होडी तयार करताना साच्यात सर्वप्रथम जेलकोटचा थर दिला जातो. त्यावर काचतंतूंची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन यांचे एकावर एक थर बसवले जातात. जेलकोटची जाडी साधारणतः अर्धा मिलिमीटर असते. होडीचे बळ काचतंतूंच्या थरांमध्ये असते. जेलकोटचे काम त्या थरांना पाणी आणि ऊन यांपासून वाचवण्याचे असते.

हे आवरण फुटले म्हणून होडी लगेच बुडत नाही. मात्र उघड्या पडलेल्या काचतंतूंच्या कडेने पाणी हळूहळू आत झिरपू लागते. होडीचे वजन वाढते, रेझिन आणि तंतू यांची पकड सैल होते आणि कालांतराने थर एकमेकांपासून सुटू लागतात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लाकडी कट्टुमरमच्या जागी फायबरच्या होड्या मोठ्या संख्येने आल्या. महाराष्ट्र, गोवा आणि केरळच्या किनाऱ्यांवरही त्या आता नित्याच्या झाल्या आहेत. एकाच होडीवर अवलंबून असलेल्या कुटुंबाला हंगामात ती आठवडाभर किनाऱ्यावर ठेवावी लागणे परवडणारे नसते.

आधी निदान

दुरुस्तीपूर्वी नुकसान किती खोल आहे हे पाहणे आवश्यक आहे. ओरखड्यावरून नख फिरवल्यास ते अडकत नसेल, तर तो वरवरचा समजावा. बारीक वॉटर पेपर आणि रबिंग कंपाउंड यांनी तो निघून जातो. तेथे नवा जेलकोट लावण्याची गरज नसते. टवका उडालेला असेल, पण खालचे तंतू शाबूत असतील, तर ती जागा जेलकोटने भरता येते. तुटलेले, पांढरे पडलेले तंतू दिसत असतील, तर नुकसान आतील थरापर्यंत पोहोचले आहे असे समजावे. अशा ठिकाणी आधी मॅट आणि रेझिनचे नवे थर द्यावे लागतात. हे काम अनुभवी कारागिराकडूनच करून घ्यावे.

तड्याच्या आसपास नाण्याने हलकेच ठोकून पाहण्याची पद्धत उपयुक्त ठरते. खणखणीत आवाज आल्यास आतील थर बहुधा घट्ट असतात. आवाज बद्द आल्यास थर सुटले असण्याची शक्यता असते. एकाच जागी ताऱ्यासारख्या भेगा पुन्हा पुन्हा पडत असतील, तर तो भाग वजनाने किंवा धक्क्याने लवत आहे, हे त्यामागचे कारण असू शकते. तेथे आतून आधार दिल्याशिवाय केवळ भेगा भरल्यास त्या पुन्हा उघडतात.

दुरुस्तीची पद्धत

या कामात यश मिळते ते पूर्वतयारीमुळे. जागा प्रथम गोड्या पाण्याने आणि साबणाने धुऊन मीठ काढावे आणि पूर्ण सुकू द्यावी. त्यानंतर ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने मेण आणि तेल पुसून घ्यावे. हे घासण्यापूर्वीच करावे. अन्यथा पॉलिश पेपरबरोबर मेण ओरखड्यात खोल जाते आणि नवा थर तेथे धरत नाही. बारीक भेग तशीच भरल्यास जेलकोट आत उतरत नाही. म्हणून स्क्रेपरच्या टोकाने ती इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात थोडी रुंद करावी. टवक्याच्या कडा सैल असतील तर त्या घट्ट भागापर्यंत खरवडून काढाव्यात. धूळ झटकून पुन्हा ॲसिटोनने पुसावे आणि सभोवती मास्किंग टेप लावावी.

मूळ रंग उन्हाने फिका झालेला असतो. त्यामुळे शेजारची थोडी जागा आधी पॉलिश करून खरा रंग उघडा करावा आणि त्याच्याशी जेलकोटचा रंग जुळवावा. उभ्या बाजूवर मिश्रण ओघळू नये म्हणून त्यात एरोसिल या नावाने मिळणारी अत्यंत हलकी पांढरी पूड मिसळून ते दाट करतात.

हार्डनर सर्वांत शेवटी घालावा. १०० ग्रॅम जेलकोटला साधारणतः १ ते २ ग्रॅम हार्डनर लागतो; डब्यावर दिलेले प्रमाण हेच अंतिम मानावे. लवकर सुकावे म्हणून जास्त हार्डनर घातल्यास थर ठिसूळ होतो, तर कमी पडल्यास तो कच्चा राहतो. मिश्रण काही मिनिटांतच घट्ट होऊ लागते, त्यामुळे लागेल तेवढेच तयार करावे.

सुकताना जेलकोट किंचित आकसतो. म्हणून तो भोवतालच्या पृष्ठभागापेक्षा थोडा वर येईल इतका भरावा आणि हवेचे बुडबुडे दाबून काढावेत. साधा जेलकोट हवेच्या संपर्कात असेपर्यंत वरून चिकट राहतो, कारण हवेतील प्राणवायू त्याचे घट्ट होणे रोखतो. त्यासाठी वर पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा ताणून चिकटवावा किंवा शेवटच्या थरासाठी मेणमिश्रित जेलकोट वापरावा.

थर पूर्ण कडक झाल्यावर लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून घासकाम करावे. प्रथम २२० क्रमांकाचा पेपर वापरून वर आलेला भाग सपाट करावा. पुढे पाणी लावत ४००, ६०० आणि १००० क्रमांकाचे वॉटर पेपर क्रमाने वापरावेत. ठोकळ्याशिवाय केवळ बोटांनी घासल्यास खळगा पडतो आणि शेजारचा मूळ जेलकोटही झिजतो. शेवटी रबिंग कंपाउंड आणि मेण लावावे. पाण्याखाली राहणाऱ्या भागावर मात्र मेणाऐवजी शेवाळ व कालवांना रोखणारा रंग दिला जातो.

हवामान आणि खबरदारी

पूर्व किनाऱ्यावर बंदीचा काळ कडक उन्हाचा असतो. तेथे जागा लवकर सुकते. परंतु तापलेल्या होडीवर मिश्रण फार वेगाने घट्ट होते. म्हणून सकाळी किंवा सावलीत काम करणे योग्य. पश्चिम किनाऱ्यावर बंदी आणि पाऊस एकाच वेळी येतात. हवेतील दमटपणा अनेकदा ८० टक्क्यांच्या वर जातो आणि ओलसर तड्यावर दिलेला थर पुढे सुटतो. कोकणात पावसाळ्यासाठी होड्या शाकारून ठेवण्याची पद्धत आहे. शाकारण्यापूर्वीच मेअखेरच्या कोरड्या दिवसांत तडे भरून घेणे हा त्यातला सोयीचा मार्ग होय. ते न जमल्यास छपराखाली होडी काही दिवस सुकवून मगच काम हाती घ्यावे. नारळी पौर्णिमा तोंडावर आल्यावर ओल्या होडीवर घाईने लावलेला जेलकोट हंगामभर टिकेल याची खात्री देता येत नाही.

तड्यावर घरगुती इपॉक्सी पुट्टी किंवा तेलरंग लावण्याचा प्रकार अनेक ठिकाणी आढळतो. त्यामुळे तडा झाकला जातो. मात्र तेलरंग पाणी फार काळ अडवत नाही आणि इपॉक्सीवर पुढे पॉलिएस्टरचा जेलकोट नीट धरत नाही.

या कामातील रसायने धोकादायक आहेत. हार्डनरचा एक थेंबही डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते. तसे घडल्यास डोळा किमान १५ मिनिटे भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन तत्काळ डॉक्टरांकडे जावे. रेझिनमध्ये वेगळे कोबाल्ट मिसळावे लागत असेल, तर ते आणि हार्डनर कधीही थेट एकत्र करू नयेत. त्यातून स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यावे आणि त्यानंतरच हार्डनर घालावा. जेलकोट आणि ॲसिटोन यांच्या वाफा चटकन पेट घेतात, त्यामुळे जवळपास विडी, स्टोव्ह किंवा ठिणगी नसावी. चष्मा, हातमोजे आणि मास्क वापरावा आणि घासलेली पूड खाडीत न सोडता गोळा करावी.

थोडा जेलकोट, दोन-चार वॉटर पेपर आणि एक कोरडा दिवस एवढ्यावर होणारे हे काम आहे. तेच पुढे ढकलले, तर तडा बुजवण्याऐवजी भिजलेले थर कापून काढण्याची वेळ येते. त्यामुळे होडी किनाऱ्यावर येताच, ती झाकण्यापूर्वी, तिची तळापासून काठापर्यंत एकदा बारकाईने पाहणी करणे श्रेयस्कर ठरते.