लाल किल्ला कसा पहावा?

दिल्लीस जाऊन आलेल्या माणसाला "लाल किल्ला पाहिला का?" असें विचारलें, तर तो "पाहिला" असें चटकन् सांगतो, पण "काय पाहिलें?" असें पुढें विचारलें कीं तो घुटमळतो. दोष त्याचा नाहीं. त्या किल्ल्यांत उरलें आहे तें थोडें, आणि गेलें आहे तें फार. म्हणून हा किल्ला जितका डोळ्यांनीं, तितकाच आठवणीनें पहावा लागतो. तो कसा, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

शाहजहान बादशहानें आग्र्याहून राजधानी हलविली आणि यमुनेच्या कांठीं शाहजहानाबाद हें नवें शहर वसविलें. हा किल्ला म्हणजे त्या शहरांतील बादशाही राजवाडा. काम इ. स. १६३९ मध्यें सुरू झालें व १६४८ मध्यें पुरें झालें. उस्ताद अहमद लाहोरी हा त्याचा स्थपति. लाल दगडाच्या तटाचा घेर सुमारें २.४ किलोमीटर आहे. शहराच्या बाजूस तट ३३ मीटरपर्यंत उंच, तर नदीच्या बाजूस १८ मीटर. त्या अंगास पाण्याचेंच संरक्षण होतें, आणि महालांना नदीचा वारा हवा होता. आज यमुना दूर सरकली असून तिच्या जुन्या पात्रावरून रुंद रस्ता जातो. तेव्हां पहिली गोष्ट ही कीं, तटाखालून वाहणारी नदी मनांत आणूनच आंत शिरावें.

लाहोरी दरवाजानें आंत गेलें म्हणजे छत्ता चौक हा छपरानें झांकलेला बाजार लागतो. त्यापुढें नौबतखाना. येथें सरदारांनाही वाहनावरून उतरून पायीं जावें लागे. स्वार होऊन पुढें जाण्याची मुभा राजघराण्यांतील पुरुषांनाच होती. मग येतो दिवाण-ए-आम, म्हणजे बादशहाच्या खुल्या दरबाराची जागा. सिंहासनाच्या मागील भिंतीकडे अवश्य पहावें. काळ्या दगडांत रंगीत दगड बसवून केलेले पक्षी व फुलें तेथें आहेत, आणि वरच्या एका फरशींत ग्रीक पुराणांतील ऑर्फियस वाद्य वाजवीत बसला आहे. इ. स. १८५७ नंतर यांतील कांहीं फरशा विलायतेस गेल्या होत्या. लॉर्ड कर्झन यांच्या खटपटीनें त्या परत आल्या.

त्याच्याही पलीकडे, पूर्वीच्या नदीच्या कांठीं, संगमरवरी महालांची ओळ आहे. रंगमहाल, खास महाल, दिवाण-ए-खास, हमाम, अशा क्रमानें आपण चालत जातों. या सर्वांच्या मधून एक उथळ पाट खेळविलेला होता; त्याचें नांव नहर-ए-बहिश्त, म्हणजे स्वर्गाची नहर. दिवाण-ए-खासमध्यें आलांत कीं थांबावें आणि मान वर करावी. वर लाकडी छत दिसेल. पूर्वीचें छत चांदीचें होतें. तें कोणीं काढलें?

श्रोतेहो, तें आपणच काढलें.

मीं तीस वर्षें मुलांना इतिहास शिकविला. "इ. स. १७६० मध्यें सदाशिवरावभाऊंनीं दिल्ली घेतली," हें वाक्य मीं दरवर्षीं मोठ्या आवाजांत म्हणत असें, आणि "तेथील दिवाणखान्याचें रुप्याचें छत काढून नाणीं पाडलीं," हें त्यापुढचें वाक्य हलक्या आवाजांत म्हणून पान उलटीत असें. एके वर्षीं मागच्या बाकावरील एका मुलानें विचारलें, "गुरुजी, मग ती चांदी भाऊंनीं परत केली का?" वर्ग हंसला. मीं त्याला खालीं बसावयास सांगितलें. सेवानिवृत्त झाल्यावर मी प्रथमच दिल्लीस गेलों, आणि त्या लाकडी छताखालीं उभा असतांना मला तो मुलगा आठवला. त्याचा प्रश्न योग्य होता. उत्तर न देणारा शिक्षक मात्र चुकला होता.

भाऊंनीं तें कां केलें, हें समजून घेतलें पाहिजे. पुण्याहून पैसा पोंचत नव्हता, यमुनेला पूर होता, आणि अब्दालीशीं गांठ पडावयाची असतां फौज उपाशी होती. चैनीसाठीं हें कृत्य घडलें नाहीं. पण कारण समजलें म्हणून कृत्य नाहींसें होत नाहीं. याच जागेवरील मयूरासन नादिरशहानें इ. स. १७३९ मध्यें नेलें, तेव्हां आपण त्याला लूट म्हणतों. आपल्या हातांस दुसरा शब्द लावतां येणार नाहीं.

त्याचबरोबर दुसरेंही सांगितलें पाहिजे. याच दिवाण-ए-खासमध्यें इ. स. १७८८ मध्यें गुलाम कादिरानें शाह आलम बादशहाचे डोळे काढले. त्याच वर्षीं महादजी शिंद्यांच्या फौजेनें दिल्ली सोडवून त्या अंध बादशहास पुन्हां गादीवर बसविलें. मराठ्यांनीं या वास्तूचें छत काढलें, आणि तिच्या धन्याचें रक्षणही केलें. दोन्ही गोष्टी एकाच छताखालच्या आहेत.

नंतर इंग्रज आले. इ. स. १८५८ च्या आरंभीं बहादुरशहावर त्यांनीं येथेंच खटला चालविला व त्याला रंगूनला धाडलें. किल्ल्यांतील बहुतेक महाल व बागा पाडून तेथें बराकी बांधल्या. हिरवळीवर आज ज्या रुक्ष इमारती डोळ्यांत खुपतात, त्या याच. पण त्यांनाही चुकवूं नये. त्यांपैकीं कांहींत इ. स. २०१९ पासून संग्रहालयें आहेत. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटला इ. स. १९४५ मध्यें याच किल्ल्यांत सुरू झाला, आणि १६ ऑगस्ट १९४७ रोजीं पंडित नेहरूंनीं याच तटावर राष्ट्रध्वज फडकविला. ज्या किल्ल्यांत आपल्या माणसांना आरोपी म्हणून उभें केलें, तेथेंच दोन वर्षांच्या आंत आपला ध्वज चढला.

तेव्हां जाणाऱ्यांस माझें सांगणें इतकेंच. सोमवारीं किल्ला बंद असतो, म्हणून दुसरा वार धरावा. सकाळीं लौकर जावें, उन्हें चढण्यापूर्वीं नदीकडील महाल पाहून घ्यावे. बरोबर मुलें असावींत, आणि त्यांना प्रश्न विचारूं द्यावेत. कोणीं बांधलें हें सांगतांना कोणीं मोडलें हेंही सांगावें, आणि मोडणाऱ्यांच्या यादींतून आपलें नांव गाळूं नये.

तो मागच्या बाकावरचा मुलगा आतां मोठा गृहस्थ झाला असेल. कदाचित् हें भाषण तो ऐकत असेल. त्याला उशिरानें उत्तर देतों: नाहीं बाळ, ती चांदी परत केली नाहीं. छत निघाल्यापासून पांच महिन्यांनीं, १४ जानेवारी १७६१ रोजीं, भाऊसाहेब पानिपतावर पडले. तूं विचारलेंस तें बरोबर होतें. बसावयास सांगितलें, ही माझी चूक झाली.