तीन टेकूंची होडी

"गॅसवर चालणारी होडी करते आहे," असे मी आईला फोनवर सांगितले, तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग आवाज आला, "अगं, सिलिंडर होडीत ठेवणार? मामाला दे बघू फोन!"

आईचा दोष नाही. अमेरिकेत पेट्रोलला गॅस म्हणतात आणि मामांकडे राहून महिन्याभरात तो शब्द माझ्याही तोंडी बसला होता. पुढे कॉलेजात आल्यावर मैत्रिणींनी, आणि दोघा-तिघा प्राध्यापकांनीही, "तिथे सहा महिने काय केलंस?" असे विचारले. मी "हायड्रोप्लेन केले" असे उत्तर देताच बहुतेकांची समजूत झाली की मी विमान केले. इतिहासाच्या विद्यार्थिनीने विमान करावे हे कोणालाच पटेना. तेव्हा एकदा सविस्तर लिहून टाकावे म्हणून हा लेखनप्रपंच.

बारावीनंतर घरगुती कारणांनी माझा एक वर्षाचा खंड पडला. त्यातले जानेवारी ते जून हे सहा महिने मी वॉशिंग्टन राज्यातील रेंटन या गावी मामांकडे होते. सिअ‍ॅटल शहराच्या दक्षिणेला, लेक वॉशिंग्टन नावाच्या लांबलचक सरोवराच्या टोकाशी हे गाव वसले आहे. मामा विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या गॅरेजात मोटार सोडून सर्व काही होते. तिथेच एक लांबट खोका चार वर्षे पडून होता. निवृत्त झाल्यावर करू म्हणून मामांनी तो घेतला, आणि निवृत्तीबरोबरच त्यांच्या हातांना कंप सुरू झाला. चहाचा कपसुद्धा त्यांना दोन्ही हातांनी धरावा लागे. पहिल्याच रविवारी त्यांनी तो खोका माझ्यापुढे ओढला आणि म्हणाले, "डोकं माझं, हात तुझे. जमेल?"

बाहेर पाऊस लागला होता. सिअ‍ॅटलचा हिवाळी पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही. नुसता रिपरिपतो, पण थांबायचे नाव घेत नाही. दुसरे करण्यासारखे काही नव्हते. मी हो म्हटले.

आता हायड्रोप्लेन म्हणजे काय ते सांगते. सांगलीला कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात, त्या आपल्यापैकी पुष्कळांनी घाटावर उभे राहून पाहिल्या असतील. वल्ह्यांची होडी आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते आणि त्या खळग्यात बसून पुढे जाते. वेग वाढवावा तसतशी तिनेच उठवलेली लाट तिच्यापुढे चढासारखी उभी राहते. वल्हेकऱ्यांनी कितीही जोर लावला तरी एका मर्यादेपुढे तो चढ ओलांडता येत नाही. हायड्रोप्लेनने हा तंटाच सोडून दिला. ती पाण्यात बसत नाही, पाण्यावर चढते. पुढच्या अंगाला डावी-उजवीकडे दोन पायांसारखे भाग असतात, त्यांना स्पॉन्सन म्हणतात. भरधाव असताना या दोन स्पॉन्सनांच्या मागच्या कडा आणि शेपटीकडचा पंखा, एवढ्या तीनच ठिकाणी होडी पाण्याला टेकलेली असते. पंखासुद्धा पुरता बुडालेला नसतो, निम्मा पाण्यात आणि निम्मा हवेत. बाकी सगळे धड अधांतरी, आणि दोन स्पॉन्सनांमधल्या बोगद्यात शिरलेली हवा त्याला खालून उचलून धरते.

तीन टेकूंची ही रचना अमेरिकेत १९३० च्या दशकात पुढे आली. तिचे खरे तेज दिसले ते २६ जून १९५० रोजी, आणि तेही मामांच्या घराजवळच्या त्याच लेक वॉशिंग्टनवर. टेड जोन्स याने आराखडा केलेली, अँकर जेन्सनच्या कारखान्यात बांधलेली आणि स्टॅन सेअर्स याने हाकलेली 'स्लो-मो-शन ४' ही होडी त्या दिवशी ताशी १६०.३२३ मैल वेगाने धावली. म्हणजे सुमारे २५८ किलोमीटर! आधीचा विक्रम १९३९ सालचा, इंग्लंडच्या माल्कम कॅम्बेलचा, १४१.७४ मैलांचा होता. अकरा वर्षे टिकलेला विक्रम मोडला, तोही अठरा मैलांहून अधिक फरकाने. आणि मोडणाऱ्या होडीचे नाव काय, तर 'मंदगती'! तिच्यातले ॲलिसन इंजिन लढाऊ विमानाच्या जातीचे. दुसरे महायुद्ध संपल्यावर अशी इंजिने पडून राहिली होती आणि ती हौशी लोकांच्या हाती लागली. महायुद्धाचे परिणाम या विषयावर मी परीक्षेत पानेच्या पाने लिहिली आहेत, पण हा परिणाम कुठल्याच क्रमिक पुस्तकात मला आढळला नाही. सिअ‍ॅटलच्या इतिहास व उद्योग संग्रहालयात ही होडी टांगून ठेवली आहे. तिच्याखाली उभे राहून मामांनी मला तिचा तळ दाखवला. "वरचा रंग सगळे बघतात. तू खालची कड बघ."

आमची होडी याच घराण्यातली, एकास सहा प्रमाणाची, लांबीला जवळजवळ पाच फूट. खोक्यात बर्च प्लायवूडचे यंत्राने कापलेले तक्ते होते आणि प्रत्येक तुकड्यावर क्रमांक होता. ते पाहून मला वाटले की हे आठवड्याचे काम. मामा हसले. तुकडे कापलेले मिळतात, पण सरळपणा कापून मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे. पहिले चार दिवस आम्ही लाकडाला हातच लावला नाही. एक जुना सपाट दरवाजा दोन घोड्यांवर ठेवला आणि पाणसळ लावून त्याच्याखाली कागदाच्या घड्या सारीत बसलो. ज्या फळीवर होडी बांधायची तीच पिळलेली असेल तर तो पीळ होडीत उतरतो आणि मग कशानेही जात नाही.

त्यापुढचे काम मात्र रंजक आहे. आडव्या आणि उभ्या पट्ट्यांच्या खाचा एकमेकींत बसवून सांगाडा उभा करायचा. प्रत्येक जोड गुण्यात आहे की नाही ते पाहायचे, मगच इपॉक्सी लावायचे. दोन डब्यांतली दोन द्रव्ये मोजून मिसळली की हे इपॉक्सी घट्ट होऊ लागते, आणि ते पुरते घट्ट होईपर्यंत क्लॅम्प सोडायचे नाहीत. सांगाड्यावर पातळ प्लायवूडचे कातडे चढवायचे. जिथे बाक आहे तिथे तक्ता गरम पाण्याने ओला केला की तो मुकाट्याने वाकतो. कातडे बंद करण्याआधी आतल्या बाजूला पातळ इपॉक्सीचे दोन-तीन हात द्यायचे, कारण पेट्रोल आणि पाणी दोन्ही लाकडाचे वैरी. पोकळ्यांत फोम भरायचा, म्हणजे होडी उलटली तरी बुडणार नाही. "उलटली तर" असे मी म्हणत असे. मामा "उलटल्यावर" असे म्हणत.

फेब्रुवारीत स्पॉन्सन करायला घेतले. साऱ्या होडीचा जीव इथे असतो. स्पॉन्सनचा पाण्याला टेकणारा तळ पुढून किंचित उचललेला असावा लागतो, आमच्या होडीत तीन अंश. कोन कमी पडला तर होडी पाण्याला चिकटते, जास्त झाला तर पाणी तिला वर फेकते. आणि एकदा नाक वर गेले की बोगद्यातली हवा ते आणखी वर रेटते. नाक जितके वर, तितका हवेचा जोर अधिक. विमानाला हे हवेच असते. होडीला शेपटी सावरायला विमानासारखी सोय नसल्यामुळे ती सरळ मागे कोलांटी खाते. मोठ्या शर्यतींत या प्रकाराने माणसे दगावली आहेत.

डावा स्पॉन्सन उत्तम जमला. उजव्याच्या वेळी मला घाई झाली. थंडीत इपॉक्सी सावकाश घट्ट होते हे मामांनी सांगितले होते, तरी मी दुसऱ्या सकाळी क्लॅम्प काढले, कारण ते मला दुसरीकडे लावायचे होते. दुपारी दोन्ही स्पॉन्सन उलटे ठेवून वर सरळ पट्टी धरली, तर उजव्याच्या एका कोपऱ्यात फट दिसली. दोन मिलिमीटर. वीतभर लांबीच्या तळात दोन मिलिमीटर म्हणजे अर्ध्या अंशाहून जास्त! फोडून पुन्हा करायचा तर आठ दिवसांचे काम. मी फटीत लांबी भरली, पॉलिश पेपर मारून ती अशी गुळगुळीत केली की माझे मलाच कौतुक वाटले. संध्याकाळी मामांनी विचारले, "पट्टी लावून पाहिलीस?" मी म्हटले, "हो, बरोबर आहे." त्यांना स्वतः पट्टी स्थिर धरता येत नसे. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या तुकड्याचा क्रमांक वाचला.

एप्रिलमध्ये रंग झाला, मेमध्ये इंजिन बसवले. हे २६ सीसीचे दोन-स्ट्रोक इंजिन म्हणजे झुडपे छाटण्याच्या यंत्राचा भाऊ. दोरी ओढून सुरू करायचे. आपल्याकडच्या जुन्या लुनात घालत तसे पेट्रोलमध्ये ऑइल घालावे लागते, आम्ही लिटरला ४० मिलिलिटर घालत होतो. इंजिनाभोवतीच्या पोकळीत पाणी खेळते, आणि ते पंप न लावता सुकाणूच्या पुढल्या भोकातून होडीच्या वेगानेच आत ढकलले जाते. इंजिनापासून पंख्यापर्यंत पोलादी तारांचा पिळलेला, लवचीक दांडा जातो. त्याला ग्रीस कमी पडले तर तो नळीत भाजून निघतो. हातातल्या रेडिओवर दोनच कामे, सुकाणू आणि वेग. संदेश तुटला तर वेग आपोआप शून्यावर यावा अशी योजना आधी तपासून घ्यायची, हे मात्र कोणी विसरू नये. नऊ किलोची होडी कोणाचे न ऐकता काठाकडे सुटली तर हाड मोडू शकते. आणखी एक गंमत म्हणजे खऱ्या हायड्रोप्लेन शर्यतीत डावीकडे वळतात आणि त्यांचे वळणाचे पाते डाव्या अंगाला असते. या लहान होड्या उजवीकडे वळतात, म्हणून आमचे पाते उजव्या स्पॉन्सनला होते. त्याच उजव्या स्पॉन्सनला.

जूनच्या पहिल्या शनिवारी गावाबाहेरच्या एका तळ्यावर गेलो. या होड्यांचा आवाज फार असल्याने त्या सगळीकडे चालवू देत नाहीत. मामी डबा घेऊन आल्या होत्या. कमी वेगात होडी चांगली धावली, फक्त उजवीकडून थोडी उड्या मारत होती. मामांनी डोळे बारीक केले. मी रेडिओवरचा घोडा पूर्ण ओढला. समोरून वारा होता. उजवा स्पॉन्सन सुटला, नाक वर आले, पांढरा तळ उन्हात लखकन चमकला आणि होडी पाठीवर आपटली. आवाज बंद झाला. पाण्यावर नुसते बुडबुडे आणि फोमच्या जोरावर तरंगणारा तळ.

वल्हवीत जाऊन ती आणली. बोगद्यावरचा तक्ता फाटला होता, इंजिनात पाणी गेले होते. प्लग काढून दोरी ओढली की पाणी पिचकारीसारखे उडते. ते सगळे उडवून आत तेल सोडावे लागते, नाहीतर दुसऱ्या दिवशी गंज. हे होईपर्यंत मामा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी कोनमापक मला धरायला सांगितले आणि स्वतः चष्मा लावून वाचले. डावा तीन. उजवा साडेतीनच्या पुढे.

"कधीपासून माहीत होतं?"

"फेब्रुवारीपासून."

मामांनी चष्मा काढून पुसला. त्याला बराच वेळ लागला, कारण हात थरथरत होते. मग म्हणाले, "मला दिसत नाही असं नाही गं. धरता येत नाही, एवढंच." आणि पटाशी माझ्यापुढे ठेवून आत गेले.

माझे परतीचे तिकीट २८ जूनचे होते. लांबी खरवडून काढली, तळाचा तक्ता उचकटला, आतल्या पट्ट्या रंध्याने उतरवल्या, नवा तक्ता चिकटवला. क्लॅम्प तीन दिवस सोडले नाहीत. चौथ्या दिवशी न विचारता कोनमापक घेऊन मामांकडे गेले. मी धरला, त्यांनी वाचला. डावा तीन, उजवा तीन. रंग द्यायला वेळ उरला नव्हता. उजव्या स्पॉन्सनचा तळ तसाच लाकडी राहिला, वर नुसते इपॉक्सी.

२५ जूनला पुन्हा तळ्यावर गेलो. पहिल्या फेरीत मी अर्ध्याच वेगावर होते. दुसऱ्या फेरीत मामा म्हणाले, "ओढ." मी ओढला. इंजिनाचा सूर चढत गेला, मागे कोंबड्याच्या शेपटीसारखा पाण्याचा उंच तुरा उठला आणि होडीखालून पलीकडच्या काठाची हिरवी रेघ दिसू लागली. पाण्यावर दोन बारीक ओरखडे, मध्ये काही नाही. मामा खिशात हात घालून उभे होते. मी रेडिओ त्यांच्यापुढे धरला, तर त्यांनी मान हलवली आणि नजर होडीवरच ठेवली.

टाकी पाच-सहा मिनिटांची. ती संपायच्या आत वेग सोडावा लागतो, नाहीतर होडी तळ्याच्या मध्येच थांबते. मी काठाजवळ आणून घोडा सोडला. नाक खाली आले, स्पॉन्सन बुडाले, आणि चार हात अंतरावर ती कृष्णेतल्या कुठल्याही होडीसारखी पाण्यात बसून डुलू लागली. मामी म्हणाल्या, "झालं ना? आता जेवा."