दोष कण्यात, खूण मेंदूत

गर्भाच्या पाठीचा कणा उघडा राहिला असेल, म्हणजे स्पायना बिफिडा असेल, तर सोनोग्राफीत तो थेट सापडेलच असं नाही. फट लहान असते, बाळ पाठ टेकून असतं. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या किप्रोस निकोलाइडिस, स्टुअर्ट कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये यावर वाट दाखवली: आधी डोकं तपासा.

एरवी गर्भाची कवटी पडद्यावर अंडाकृती दिसते. या गर्भांत मात्र कपाळाची हाडं दोन्ही बाजूंनी आत दबून लिंबाचा आकार येतो. डोक्यात मागे असलेला लहान मेंदू बाकदार, केळ्यासारखा होतो आणि त्याच्यामागची द्रवाची काळी जागा दिसेनाशी होते. डॉक्टर या खुणांना आजही ‘लेमन साइन’ आणि ‘बनाना साइन’ म्हणतात.

असं का होतं? मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव उघड्या कण्यातून गर्भजलात झिरपतो. डोक्यातला दाब उतरतो आणि मेंदूचा मागचा भाग कवटीच्या तळाच्या छिद्राकडे ओढला जातो. पुढे द्रवाची वाट अडली, की मेंदूतल्या पोकळ्या फुगतात. त्यांची रुंदी १० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भरली तर अधिक तपासण्या सांगितल्या जातात.

लिंबाची खूण साधारण २४ आठवड्यांनंतर पुसट होते. म्हणूनच १८ ते २० आठवड्यांतली अ‍ॅनॉमली स्कॅन चुकवू नये. भारतात कायद्यामुळेही ही वेळ मोलाची ठरते. २०२१ च्या दुरुस्तीनुसार, गर्भात गंभीर दोष असला तरी २४ आठवड्यांनंतर गर्भपातासाठी वैद्यकीय मंडळाची मान्यता लागते.

मेंदूबद्दल शंका उरली तर एमआरआय. त्यात क्ष-किरण नसतात. ब्रिटनमधल्या ‘मेरिडियन’ अभ्यासात ५७० गर्भांची तपासणी झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सोनोग्राफीचं निदान ६८ टक्के, तर एमआरआयचं ९३ टक्के वेळा बरोबर निघालं.

निदान वेळेत झालं तर उपचारालाही वाव राहतो. अमेरिकेतल्या एका चाचणीत २६ आठवड्यांच्या आत, बाळ पोटात असतानाच कणा शिवला गेला. मेंदूतला द्रव वाहून नेणारी नळी, म्हणजे शंट, वर्षभरात लागण्याची वेळ अशा ४० टक्के बाळांवर आली. जन्मानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांत हेच प्रमाण ८२ टक्के होतं. हे निष्कर्ष २०११ चे. मात्र मुदतीआधी प्रसूती होण्याचा धोका वाढला.

कणा आणि मेंदू जिच्यापासून घडतात ती नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आसपास मिटते. तोवर अनेकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. त्यामुळे हा दोष टाळायला मदत करणारी ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची रोजची गोळी मूल हवं असं ठरवल्यापासूनच सुरू करायला सांगतात.